आधी कोणाचा मंत्र? दशावतारी गंजिफापासून ‘मॅजिक’च्या चळतीपर्यंत

१/ शिरूर किंवा दौंडमधल्या एखाद्या घरात दोन मित्र ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पानांचा खेळ मांडून बसले आहेत, अशी कल्पना करावी. एकाने प्रतिस्पर्ध्याच्या प्राण्यावर विजेचा मंत्र टाकला. दुसऱ्याने तत्क्षणी त्याच प्राण्याचे बळ वाढविणारा मंत्र टाकला. प्राणी वाचला की मेला? पानांवरील चित्रे कितीही निरखली तरी याचे उत्तर सापडत नाही. ते नियमात असते.

२/ ‘मॅजिक’चा नियम ताटांच्या चळतीसारखा आहे. टाकलेला मंत्र लगेच फळत नाही. तो चळतीवर ठेवला जातो. प्रतिस्पर्ध्याला उत्तर देण्याची संधी मिळते आणि त्याचे उत्तर वर रचले जाते. दोघांनाही आणखी काही टाकायचे नसले, की सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत शेवटी आलेला मंत्र आधी फळतो. मग त्याखालचा.

३/ ‘लायटनिंग बोल्ट’ ३ अंकांची इजा करतो. ‘जायंट ग्रोथ’ त्या डावापुरते प्राण्याचे बळ व सहनशक्ती ३-३ अंकांनी वाढवितो. २ सहनशक्तीच्या प्राण्यावर वीज आधी आणि बळ उत्तरादाखल आले, तर बळ आधी फळते, सहनशक्ती ५ होते आणि प्राणी वाचतो. बळ आधी आणि वीज उत्तरादाखल आली, तर वीज आधी पडते, प्राणी मरतो आणि बळाच्या मंत्राला लक्ष्यच उरत नाही. पाने तीच, क्रम निराळा, निकाल उलटा.

४/ हा नियमही प्रारंभापासून नव्हता. गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफील्ड यांचा हा खेळ १९९३ साली अमेरिकेत आला. तेव्हा ‘इंटरप्ट’ नावाच्या मंत्रांना वेगळी वागणूक होती आणि कोणता मंत्र कधी फळतो, हे समजणे नवख्यांना जड जाई. १९९९ च्या सहाव्या आवृत्तीने ‘इंटरप्ट’ रद्द करून सर्वांना एकाच चळतीच्या नियमाखाली आणले.

५/ परंतु अद्भुत व्यक्तिरेखांची पाने आणि त्यांच्या अधिकाराचा क्रम ठरविणारे नियम ही काही अमेरिकेची देणगी नव्हे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त १२ रंगांच्या संचाचे वर्णन येते. त्यात अश्वपती, गजपती, नरपती यांच्यासोबत देवांचा, असुरांचा आणि नागांचाही राजा आहे.

६/ महाराष्ट्रात या खेळाने दशावतारी रूप धारण केले. विष्णूचे १० अवतार म्हणजे १० रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची १० पाने. एकूण १२० गोल पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. प्रत्येक रंगाची भूमीही निराळी. सावंतवाडी हे या पानांचे प्रसिद्ध केंद्र. तीन गडी बसले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात.

७/ आता नियम पाहावेत. पहिली उतारी कोणाची? दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याची. रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याची. मोगली गंजिफात याच जागी दिवसा सुर्ख, म्हणजे सोन्याचे लाल नाणे, आणि रात्री सफेद, म्हणजे रुप्याचे नाणे येते. सूर्य मावळला की त्याच पानाचा मान दुसऱ्याकडे जातो.

८/ दुसरा नियम त्याहून चकविणारा आहे. निम्म्या रंगांत राजा-प्रधानांखालोखाल दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या निम्म्या रंगांत हाच क्रम उलटा: एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. एरवीच्या पत्त्यांसारखा हुकमाचा रंग येथे नसतो. रंगातील वरची पाने खेळून संपली, की खालचे पान आपोआप श्रेष्ठ ठरते. म्हणून कोणते पान गेले आणि कोणते उरले, हे ध्यानात ठेवणाराच जिंकतो.

९/ दोन्ही खेळांत पानाचा अधिकार पानात कायमचा कोरलेला नाही, हे येथे लक्षात यावे. ‘मॅजिक’मध्ये तो क्रमावर ठरतो, गंजिफात घटकेवर, रंगावर आणि आधी गेलेल्या पानांवर. भेद इतकाच, की ‘मॅजिक’च्या पानावर त्याचे काम शब्दांत छापलेले असते आणि क्रमाचे नियम ग्रंथबद्ध आहेत. गंजिफाच्या पानावर केवळ चित्र असते. त्याचा नियम बहुतांशी खेळणाऱ्यांच्या तोंडी राहिला.

१०/ त्याचा परिणाम पुढे दिसला. छापील, स्वस्त ५२ पत्ते आले आणि हाताने रंगविलेली, लाखेचा लेप दिलेली गंजिफा मागे पडली. सावंतवाडीत ही कला जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केले. त्यामुळे चित्रे वाचली.

११/ खेळ मात्र तितका वाचला नाही. आज दशावतारी संच भेट म्हणून दिला जातो, चौकटीत घालून भिंतीवर लावला जातो. तो पिसून, वाटून खेळणारी घरे विरळ आहेत. कारागिराची कला कारागिराकडून शिकता येते, पण उतारीचा नियम खेळलेल्या माणसाकडूनच मिळतो.

१२/ घोड नदीकाठी असो वा भीमेकाठी, जुन्या पेटीत गोल पाने निघाली, तर त्यांचे छायाचित्र काढण्याआधी घरातील वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारावा: रात्री खेळताना पहिली उतारी कोणाची असे? उत्तर मिळाले, तर ते त्याच दिवशी लिहून ठेवावे.