तांब्यावरील शिसे आणि न्यूट्रिनोचा शोध

पितळ-तांब्याच्या भांड्यांच्या कसबाने ज्या भंडाऱ्याचे नाव दूरदूरच्या बाजारपेठांत नेले, तेथे तांब्याला कल्हई का करतात हे कोणास सांगावे लागत नाही. परंतु याच जातीची एक विद्या मुंबईत पदार्थविज्ञानाच्या सेवेस कशी लागली, हा इतिहास या मुलखाने अगत्याने जाणून घ्यावा असा आहे.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा न्यूट्रिनो या सूक्ष्म कणाशी संबंध जुना. १९६५ साली कोलारच्या सुवर्णखाणीत, भूपृष्ठाखाली दोन किलोमीटरांहून अधिक खोल, तिच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद केली. मात्र आकाशातून येणाऱ्या न्यूट्रिनोंवर आपला अंमल चालत नाही, आणि न्यूट्रिनोवर विद्युत्भार नसल्यामुळे त्याला थेट वेगही देता येत नाही. म्हणून प्रोटॉनांना वेग देऊन ते ग्रॅफाइटवर आदळवावे लागतात, त्यातून निघणाऱ्या पायॉनांच्या विघटनातून न्यूट्रिनो उपजतात, आणि प्रोटॉनांचा झोत जितका सामर्थ्यवान तितके न्यूट्रिनो विपुल.

कणांना असा वेग देणारे त्वरक घडविण्याची उमेदवारी मात्र आपल्याकडे निराळ्याच निमित्ताने झाली. अणुकेंद्राच्या अभ्यासासाठी १९८८ साली कुलाब्यात भाभा अणुसंशोधन केंद्र व टाटा संस्था यांचा पेलेट्रॉन त्वरक सुरू झाला. पुढे त्याची शक्ती वाढविण्यासाठी कणांना रेडिओलहरींनी वेग देणारे तांब्याचे अठ्ठावीस अनुनादक येथेच सिद्ध करून त्यांच्या आतील पृष्ठावर शिशाचा अत्यंत पातळ थर विद्युत्विलेपनाने चढविण्यात आला. द्रव हेलियमच्या उणे २६९ अंश शैत्यात हे शिसे अतिसंवाहक, म्हणजे विजेला जवळजवळ रोध न करणारे, बनते.

या अनुभवाच्या पाठबळावर, आणि दिल्ली, इंदूर व कोलकाता येथील संस्थांच्या सहकार्याने, भारत अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेच्या नव्या त्वरकाचा भागीदार झाला. १६ एप्रिल २०१८ रोजी नवी दिल्लीत उभय देशांनी न्यूट्रिनो-संशोधनाच्या करारनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या. जुन्या ४०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या रेषीय त्वरकाऐवजी ८०० दशलक्षांचा अतिसंवाहक त्वरक उभारून एक मेगावॅटहून अधिक सामर्थ्याचा प्रोटॉनझोत मिळविणे, आणि तेरा​शे किलोमीटर दूर, साउथ डकोटाच्या भूगर्भातील प्रयोगाकडे न्यूट्रिनो धाडणे, हा त्याचा हेतू होय. या त्वरकात शिशाची जागा निओबियम धातूने घेतली आहे. तुर्भ्याच्या भाभा केंद्राने त्यासाठी चुंबके व रेडिओलहरींचे प्रवर्धक पुरविले.

यंत्र विकत घेणाऱ्यास त्याचा उपयोग कळतो, घडविणाऱ्यास त्याचे मर्म कळते. या भागीदारीत भारताला लाभलेले स्थान दीर्घ उमेदवारीने कमावलेले आहे. भंडाऱ्याच्या शाळांतून विज्ञान शिकणाऱ्या मुलांनी धातूचे कसब हलके न लेखता तेही हाती धरावे.