गाळणीतले विरजण

शाळेत माशांची काचपेटी आणली की पहिला आठवडा मोठ्या आनंदाचा जातो. पाणी नितळ, वाळू धुतलेली, सहा-आठ मासे आणि पेटीभोवती मुलांची गर्दी. दुसऱ्या आठवड्यात एखादा मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो आणि चार दिवसांत निम्मे मासे मरतात. मग आपण पेटी रिकामी करतो, वाळू आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली लख्ख धुतो, नवे पाणी भरतो, नवे मासे सोडतो. पुन्हा तेच घडते. एखादा मुलगा विचारतो, "सर, घाणेवाडीच्या तलावातलं पाणी कोण बदलतं? तिथले मासे का मरत नाहीत?"

प्रश्न बिनतोड आहे. त्याचे उत्तर मिळायला विज्ञानाला सुमारे चाळीस वर्षे लागली. त्या शोधात एका बापलेकांची गाठ कशी पडली, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी सुमारे बारा गॅलन, म्हणजे पंचावन्न लिटर पाण्याच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. मासे कार्बन डायॉक्साइड सोडतील, वनस्पती प्राणवायू देईल आणि पाणी न बदलता दोघांचे भागेल, अशी त्यांची कल्पना होती. पण काही दिवसांनी जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी त्यात पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि भांडे स्थिरावले. हे निरीक्षण त्यांनी १८५० साली केमिकल सोसायटीपुढे मांडले. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि काचपेटी घरोघरी पोचली.

वॉरिंग्टन यांचा हिशेब बरोबर होता, पण अपुरा होता. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात मिसळत असतो. उरलेले अन्न कुजूनही तो तयार होतो. अगदी थोडा अमोनियासुद्धा माशांना विषारी ठरतो. वनस्पती त्यातला काही शोषून घेतात. मग बाकीचा जातो कुठे?

याचे उत्तर मत्स्यालयात नव्हे, सांडपाण्यात मिळाले. फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी १८७७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तापवून निर्जंतुक केलेली वाळू आणि चुनखडीची पूड त्यांनी एका लांब नळीत भरली आणि वरून सांडपाणी थेंबथेंब सोडले. पहिले वीस दिवस खालून बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया जसाच्या तसा होता. त्यानंतर नायट्रेट दिसू लागले आणि हळूहळू अमोनिया नाहीसा झाला. ही क्रिया केवळ रासायनिक असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. वीस दिवस थांबण्याचे कारण काय? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बनणे थांबले. क्लोरोफॉर्म काढून घेतल्यावर कित्येक आठवडे वाट पाहिली, तरी क्रिया सुरू होईना. शेवटी थोडी सुपीक माती पाण्यात कालवून ते पाणी नळीत ओतले आणि थोड्याच दिवसांत नायट्रेट पुन्हा दिसू लागले.

आपल्या भाषेत सांगायचे तर नळीतले विरजण मेले होते. मातीच्या पाण्याने ते पुन्हा लागले.

ही बातमी वाचून इंग्लंडमधल्या रोथमस्टेड शेती संशोधन केंद्रात एका तरुण रसायनशास्त्रज्ञाने हेच काम हाती घेतले. त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. तो पहिल्या वॉरिंग्टन यांचा मुलगा. थोडी माती अमोनियाच्या द्रावणात घालायची, क्रिया सुरू झाली की त्यातला थेंब दुसऱ्या निर्जंतुक द्रावणात टाकायचा, असे प्रयोग त्याने वर्षानुवर्षे केले. त्यातून दोन टप्पे स्पष्ट झाले. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही माशांना घातक असते. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी. वडिलांच्या हिशेबातली राहिलेली रक्कम मुलाने अशी भरून काढली.

मात्र हे जिवाणू शुद्ध रूपात वेगळे करणे त्याला साधले नाही. नेहमीच्या जिलेटिनवर ते वाढत नसत. १८९० साली विनोग्राद्स्की यांनी सेंद्रिय पदार्थ नसलेले माध्यम वापरून ते मिळवले. सजीवाला अमोनियाच्या ज्वलनावर जगता येते, हे त्यामुळे कळले. अशा अन्नातून ऊर्जा थोडीच मिळते, म्हणून ते फार सावकाश वाढतात. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना पुष्कळदा अख्खा दिवस किंवा अधिकही लागतो. श्लोझिंगचे वीस दिवस आणि आपल्या पेटीतला दुसरा आठवडा, दोन्हींचे कारण एकच.

ही वाट पाहणे टाळता येते, हे १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवले. बाटलीतल्या सांडपाण्यात हवा सोडत राहिल्यावर सगळ्या अमोनियाचे नायट्रेट व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. नंतर त्यांनी वरचे स्वच्छ पाणी ओतून दिले, पण तळाचा गाळ राखून ठेवला आणि त्यावर नवे सांडपाणी घेतले. असे वारंवार केल्यावर पाच आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. शहरांची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे आजही याच तत्त्वावर चालतात. या कामामागचे प्रेरक गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि ही विद्या आपल्या देशात पोचली.

ही कथा अजून संपलेली नाही. पेटीत नायट्राइटवर काम करणारे जिवाणू नायट्रोबॅक्टर असे पुस्तकांत छापले जाई. १९९८ मध्ये मत्स्यालयांच्या तपासणीत तिथे नायट्रोस्पायरा सापडले. २००५ मध्ये अमोनियावर जगणारा आर्किया गटातला एक सूक्ष्मजीव सिॲटलच्या मत्स्यालयातल्या टाकीतून वेगळा करण्यात आला. २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा मिळाले. त्यांतले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमधलेच होते.

आता आपल्या काचपेटीकडे वळू. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते वाळूला, दगडाला, स्पंजला चिकटून थर करतात. म्हणून जुन्या पेटीचे पाणी आणून उपयोग नाही, जुना स्पंज हवा. शेजारच्या शाळेत किंवा ओळखीच्या घरी काही महिने नीट चाललेली पेटी असेल तर तिच्या फिल्टरमधला निम्म्याहून कमी भाग मागून आणावा. तो त्याच पेटीच्या पाण्यात ओला ठेवून त्याच दिवशी आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. वाटेत तो सुकू देऊ नये, तापू देऊ नये. मासे थोडेच सोडावेत, कारण विरजण जेवढे तेवढेच दूध लागते. त्या पेटीतले मासे निरोगी आहेत ना, हे आधी पाहावे. स्पंजाबरोबर रोगही येतो.

जालना जिल्ह्यात आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. बेसॉल्ट खडकातले बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन आणि थोडे अल्कधर्मी असते. अशा पाण्यात, त्यातही उन्हाळ्यात, अमोनियाचा विषारी अंश वाढतो. दुसरे म्हणजे नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर असते. श्लोझिंगच्या नळीत क्लोरोफॉर्मने जे केले ते इथे क्लोरीन करतो. म्हणून स्पंज नळाखाली धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा. ते पाणी झाडांना घालता येते. पाणीटंचाईच्या जिल्ह्यात ही बचतही लहान नाही.

जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच महिको सुरू केली. सोयाबीन पेरण्यापूर्वी रायझोबियमची बीजप्रक्रिया करणे इथल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी घरी पाहिलेले असते. त्यांना सांगावे, जुना स्पंज म्हणजे पेटीची बीजप्रक्रिया. जमल्यास दोन बरण्या मांडाव्यात, एकीत नवा स्पंज, दुसरीत जुना. मासे नकोत, दोन्हींत माशांच्या खाद्याची सारखी चिमूट टाकावी, हवा सोडावी आणि बाजारात मिळणाऱ्या चाचणी संचाने महिनाभर अमोनिया मोजून आलेख काढावा. घाणेवाडीच्या तलावाचे पाणी कोण बदलतं, या प्रश्नाचे उत्तर मुले त्या आलेखावरून स्वतःच देतील.