गुंठा आणि आर

गुंठा : महाराष्ट्रात जमीन मोजण्याचे रूढ एकक. 33 फुटी साखळीने आखलेला चौरस म्हणजे 1 गुंठा. क्षेत्र 1,089 चौरस फूट, म्हणजे सुमारे 101.17 चौ. मी. गुंठ्याचे 16 आणे, 40 गुंठ्यांचा एकर. भारतात मेट्रिक वजने-मापे 1956 च्या कायद्याने स्वीकारली गेली आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. सातबारा उताऱ्यावर आता शेतीचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. 100 चौ. मी. म्हणजे 1 आर, 100 आरांचा 1 हेक्टर (सुमारे 2.47 एकर).

आर हा गुंठ्याच्या इतका जवळ आहे, की बोलण्यात दोन्ही सर्रास एकच धरले जातात. ही सवय महागात पडते. गुंठ्यामागे फरक जेमतेम 1.17 चौ. मी.चा, पण एकरभर रानात तो सुमारे 47 चौ. मी. भरतो, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा. भाऊबंदांच्या वाटणीत किंवा बांधाच्या भांडणात एवढी जागा मुळीच थोडी नव्हे. बिगरशेती भूखंडाच्या व्यवहारात तर दर चौरस फुटावर ठरतो. म्हणून तोंडी सौदा गुंठ्यांत झाला तरी खरेदीखतात चौरस मीटरचा आकडा असायलाच हवा.