लिव्हरपूलची पाटी आणि बिनपगारी वर्ष

बरेच दिवस ब्लॉगकडे फिरकलो नाही. दोन-तीन जणांनी मेल करून विचारलंही, बरा आहेस ना म्हणून. बरा आहे. घरात गडबड होती. भाची गेल्या महिन्यात अमेरिकेला गेली, एका मोठ्या हॉस्पिटलच्या ऑर्थोपेडिक विभागात 'रिसर्च फेलो' म्हणून, एक वर्षासाठी. नातेवाईक हे वाचतात, त्यांना बातमी ठाऊक आहेच. पण निघण्याआधी धंतोलीत काकांकडे जेवायला जमलो होतो तेव्हाचं बोलणं डोक्यातून जात नाहीये.

काका ब्याऐंशी वर्षांचे. हाडांचे डॉक्टर, आता निवृत्त. गोळाभातावर फोडणीचं तेल घेता घेता त्यांनी विचारलं, "ऑपरेशनला हात लावू देतील ना?"

"नाही आबा, पेशंटला हात नाही लावायचा. फाइली वाचायच्या, आकडे भरायचे, पेपर लिहायचे."

"अन् पगार?"

"पगार नाही."

"मंग तिथं काय करून राहशील तू?"

ती हसली. तिची आई हसली नाही. व्हिसासाठी वर्षभराचा खर्च दाखवायला एफडी मोडली होती.

काकांच्या दाराबाहेर अजून जुनी पाटी आहे. नावापुढे शेवटी 'एम.सी.एच. ऑर्थ (लिव्हरपूल)'. लहानपणी मला ते गावाचं नाव न वाटता औषधाचं वाटायचं. लिव्हरपूल का, हे पुष्कळ उशिरा कळलं. तिथे ह्यू ओवेन थॉमस नावाचा डॉक्टर होऊन गेला. त्याचा बाप हाडवैद्य, म्हणजे पिढीजात हाडं बसवणारा, आपल्याकडे गावोगावी असत तसाच. मुलानं रीतसर डॉक्टरी शिकून बापाची विद्या पुढे नेली. मांडीचं हाड मोडल्यावर पायाला लावतात तो थॉमस स्प्लिंट त्याचाच. त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स मामाच्याच हाताखाली शिकला आणि पहिल्या महायुद्धात त्यानं तो स्प्लिंट आघाडीवर पोचवला. (मामा-भाचा! मी मात्र भाचीला विमानतळावर सोडण्यापलीकडे काही केलं नाही.) पुढे १९२० च्या दशकात लिव्हरपूल विद्यापीठानं फक्त अस्थिशल्याची म्हणून वेगळी पदवी सुरू केली आणि भारतातले कितीतरी डॉक्टर बोटीनं, नंतर विमानानं तिकडे गेले.

काका गेले १९७२ साली. तेव्हा भारतीय एमबीबीएस ब्रिटनमध्ये मान्य होती. ती मान्यता १९७५ मध्ये गेली आणि तिथे परीक्षा आली. काकांना त्या आधी हॉस्पिटलात पगारी नोकरी मिळाली, ती करता करता त्यांनी पदवी घेतली. पण मुद्दा असा की, जाण्याआधी ते इथे सर्जन झालेले होते. त्या काळी पीजीला एका दिवसाची परीक्षा नसे. एमबीबीएसचे मार्क, मग हाउसमनशिप, मग जागा निघाली तर रजिस्ट्रार. जागा निघेना म्हणून काकांनी सात महिने बिनपगारी हाउसमन म्हणून काढले. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. "फुकट राबवलं," ते आजही म्हणतात, "पण प्लास्टर माझ्या हातानं होत होतं बाप्पा."

पुढचं झपाट्यानं सांगतो. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रदीप जैन खटल्यात पीजीच्या काही जागा देशभरासाठी खुल्या ठेवायला सांगितलं, १९८८ पासून अखिल भारतीय प्रवेश परीक्षा सुरू झाली, आणि मधल्या कोर्टकचेऱ्यांनंतर आता नीट-पीजी. त्यात रँक हेच सगळं. इंटर्नशिपमध्ये किती रात्री कॅज्युअल्टीत काढल्या, एखादा पेपर लिहिला का, कुणी विचारत नाही. भाचीची रँक दोनदा ऑर्थोच्या अलीकडे अडली. बालरोग मिळत होतं. तिनं घेतलं नाही. यावर आमच्या घरात झालेली भांडणं इथे लिहिणार नाही.

अमेरिकेत याच्या उलट. तिथल्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे मार्क जानेवारी २०२२ पासून देणंच बंद झालं, फक्त पास-नापास. मग निवडायचं कशावरून? शोधनिबंधांवरून! २०२४ च्या अहवालात, ऑर्थोत जागा मिळालेल्या तिथल्याच विद्यार्थ्यांच्या नावावर निबंध-सादरीकरणं मिळून सरासरी तेवीस-चोवीस नोंदी होत्या. वर्षाला जागा नऊशेच्या आसपास आणि त्यात परदेशी पदवीधर अगदी थोडे. म्हणून दाराबाहेर हे 'रिसर्च वर्ष' उभं राहिलंय. काकांच्या पिढीला परदेशवारी शिक्षण झाल्यावर मिळे, हिला ती शिक्षण सुरू होण्याआधी, स्वतःच्या पैशानं करावी लागतेय. आणि तरी दार उघडेलच असं नाही. तिला हे सगळं माझ्याहून जास्त माहीत आहे.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. संशोधन काय इथे नव्हतं? १९४७ साली मेडिकल सुरू झालं आणि दहा-अकरा वर्षांत, १९५८ मध्ये, इथल्या शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. सिकलसेल विदर्भाच्या घराघरातला आजार. यात रक्तपेशी अडकतात, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि पंचविशीतला माणूस लंगडायला लागतो. असे खुबे काकांनी आयुष्यभर पाहिले. गडचिरोलीचे, भंडाऱ्याचे, चंद्रपूरचे. त्यांची एक लांबट वही आहे, प्रत्येक पेशंटला एक पान. छापलं कधीच नाही. "वेळ कुठं होता?" म्हणतात. आणि आमची मुलगी तिकडे अमेरिकन गुडघ्यांचे आकडे भरणार, स्वतःच्या खर्चानं.

हे मी जेवताना जरा जोरात बोललो. ती शांतपणे म्हणाली, "मामा, या वहीवर काम केलं तर मला इथे ऑर्थोची सीट मिळेल का?"

काय बोलणार?

रात्री मात्र तिनं काकांकडून वही मागून घेतली. निघायच्या आधी दोन रात्री जागून, नावं गाळून, वय-गाव-बाजू-किती वर्षांनी काय झालं असं लॅपटॉपवर भरत बसली. काका शेजारी खुर्चीत. अक्षर लागलं नाही की वाचून दाखवायचे. एका पानावर बराच वेळ थांबले. सतरा वर्षांची मुलगी, दोन्ही खुबे. "हिचं लग्न मोडलं होतं," एवढंच म्हणाले.

एकशे बारा पानं झाली. वही अजून निम्म्याहून जास्त उरलीय आणि ती सध्या माझ्या टेबलावर आहे. दर रविवारी दहा वाजता धंतोलीत जातो. काका वाचतात, मी टाइप करतो, तिला पाठवतो. तिकडे तेव्हा रात्र असते. तरी कधी कधी लगेच उत्तर येतं, "मामा, पान १३१ ला डावा की उजवा?"