धार काढणारी मूठ

व्हिडिओ कॉलवर दहा महिन्यांची पणती उजव्या हाताची मूठ मिटत-उघडत होती. इकडे आई खूश. ‘बघ, टाटा करतेय मला,’ म्हणत तिनेही हात हलवला. तिकडे मुठीचा वेग वाढला आणि पाठोपाठ भोकाड. न्यू जर्सीतली भाची हसत म्हणाली, ‘आजी, टाटा नाही गं. दूध मागतेय ती.’ आई क्षणभर बघत राहिली. तिच्या माहेरी दोन म्हशी होत्या. ‘अगंबाई, ही तर धार काढतेय!’

आईने बरोबर ओळखलं होतं. अमेरिकन खुणांच्या भाषेत ‘दूध’ म्हणायचं तर सडाभोवती हात वळावा तशी मूठ करून ती दोन-तीनदा पिळायची. दोन्ही हातांनी आळीपाळीने, अगदी गोठ्यात बसल्यासारखी करायचीही रीत होती. आता एका हातावर भागतं. बाळाच्या हातात तर तिची नुसती उघडझाप उरते, म्हणून आईला तो टाटा वाटला.

भाची ही खूण बाळ सहा महिन्यांचं असल्यापासून करत होती. दूध देताना तोंडाने ‘दूध’ म्हणायचं, हाताने मूठ पिळायची, दर वेळी. दोन-तीन महिने बाळ नुसतं बघतं आणि एक दिवस मूठ वळतं. जीभ, ओठ आणि श्वास यांचा मेळ बसून शब्द फुटायला वेळ लागतो, हात त्याआधी ताब्यात येतो. दुधामागून ‘आणखी’ येतं : दोन्ही हातांच्या बोटांच्या चिमट्या करून टोकाला टोक लावायचं. मग ‘झालं’ : दोन्ही पंजे उलटसुलट फिरवायचे. ‘जेवण’ मात्र आपल्यालाही शिकवावं लागत नाही, घास तोंडाकडे न्यायचा की झालं.

अमेरिकी घरांत ही पद्धत दोन वाटांनी शिरली. पहिली वाट कॅलिफोर्नियातली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिसच्या विद्यापीठात बालमानसशास्त्र शिकवणाऱ्या लिंडा ॲक्रेडोलो यांची वर्षाची मुलगी फूल दिसलं की नाक फेंदारून हुंगायची. खरं फूल, चित्रातलं फूल, कापडावरचं फूल, सगळ्यांना तेच. तो तिचा ‘फूल’ हा शब्दच होता. ॲक्रेडोलो आणि त्यांच्या सहकारी सुझन गुडविन यांनी त्यावर संशोधन केलं आणि १९९६ साली ‘बेबी साइन्स’ हे पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं, खूण कुठलीही चालेल, घरची केलेलीसुद्धा. आपल्याकडे वर्गात करंगळी वर केली की बाई काही न विचारता बाहेर सोडतात, ती याच जातीची.

भाचीच्या घरातली मूठ मात्र दुसऱ्या वाटेने आली. जोसेफ गार्सिया हे खुणांच्या भाषेचे दुभाषे. कर्णबधिर आईबापांच्या घरात वाढणारी, ऐकू येणारी मुलं बोलायला लागण्याआधीच हातांनी मागणी नोंदवतात, हे त्यांनी पाहिलं. मग घरच्या खुणा कशाला, जिवंत भाषेतल्याच घ्याव्यात, असं म्हणत त्यांनी १९९९ साली ‘साइन विथ युवर बेबी’ प्रसिद्ध केलं. २००४च्या ‘मीट द फॉकर्स’ या विनोदपटात रॉबर्ट डी नीरो नातवाशी हातांनी बोलताना दिसला आणि हे खूळ घरोघर ठाऊक झालं.

म्हणजे मुठीचं माहेर कर्णबधिरांच्या घरात. त्या घराचं मूळ शोधत गेलं तर आपण पोचतो पॅरिसला. तिथे १७६०च्या सुमारास आबे द लेपे या धर्मगुरूने दोन बहिऱ्या बहिणींना शिकवायला घेतलं. पॅरिसचे कर्णबधिर आपसात ज्या खुणा करत त्याच त्याने उचलल्या, पदरच्या काही घातल्या आणि शाळा उभी केली. पुढे अमेरिकेतल्या हार्टफर्डचा थॉमस गॅलॉडेट हा तरुण शेजाऱ्याच्या बहिऱ्या मुलीसाठी शिक्षणाची रीत शोधत त्या शाळेत आला. १८१६ साली परत जाताना त्याने तिथला कर्णबधिर शिक्षक लॉरेंट क्लेर्क याला सोबत नेलं. बोटीवर ५२ दिवस एकाने दुसऱ्याला इंग्रजी शिकवलं, दुसऱ्याने पहिल्याला खुणा. १८१७ साली हार्टफर्डची शाळा उघडली. क्लेर्कच्या फ्रेंच खुणा आणि मुलांनी घरून, गावातून आणलेल्या खुणा एकमेकींत मुरल्या आणि अमेरिकन खुणांची भाषा तयार झाली.

या कुळात एक काळं पानही आहे. १८८० साली मिलानमध्ये बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. १६४ प्रतिनिधींपैकी कर्णबधिर एकच. परिषदेने ठरवलं की शिक्षण तोंडी भाषेतच द्यायचं, खुणा बंद. त्यानंतर देशोदेशीच्या शाळांत मुलांनी हात हलवले की हातांवर छडी बसे. वर्गात बंद झालेली भाषा वसतिगृहात, मैदानावर, दिवे मालवायच्या आधी चोरून चालू राहिली. ही व्याकरण असलेली पुरी भाषा आहे, हे विल्यम स्टोकी या प्राध्यापकाने १९६० साली मांडलं. मिलानच्या ठरावांबद्दल त्याच परंपरेतल्या परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० साली, व्हँकूवरला.

आता हिशेब मांडून बघा. ऐकू येणाऱ्या बाळाने मूठ वळली की घरात टाळ्या. ऐकू न येणाऱ्या मुलाने वळली की छडी, आणि पुष्कळ घरांत आजही ‘हात खाली ठेव, तोंडाने बोल’. ज्याला ती खूण हौस म्हणून मिळाली त्याचं कौतुक झालं, ज्याची ती गरज होती त्याला ती चोरावी लागली. हौसेचा फायदा तरी किती? खुणांमुळे बोलणं लवकर येतं, असा सुरुवातीचा दावा होता. इंग्लंडमध्ये ४० बाळांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसं काही आढळलं नाही. आया मात्र बाळाच्या न बोललेल्या गोष्टींकडे जास्त लक्ष देऊ लागल्या होत्या. कर्णबधिर बाळासाठी खूण म्हणजे पहिली भाषा, तिच्यावाचून मेंदूची उमेदीची वर्षं रिकामी जातात.

मराठीला ‘करपल्लवी’ हा शब्द जुना आहे, पण कर्णबधिरांच्या हातांतल्या भाषेकडे आपण फार उशिरा बघितलं. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत केंद्र निघालं ते २०१५ साली. त्याच्या शब्दकोशात २०१८ साली ३,००० शब्द होते, २०२१ साली ते १०,००० झाले.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. पुढच्या कॉलला तिने चष्मा पुसून पणतीची मूठ नीट बघितली आणि भाचीला म्हणाली, ‘अंगठा आत मुडपते गं ही. अशाने सड दुखतो म्हशीचा. तिला नीट शिकव.’