जुन्या ओम्नीचं ब्रेक पॅडल पुन्हा पुन्हा खाली जातंय? हवा काढण्याआधी हे तपासा

कडेगाव : तालुक्यातल्या गावांत अजूनही बऱ्याच घरांपुढं मारुती ओम्नी उभी दिसते. दवाखाना, लग्नकार्य, देवदर्शन, कराडचा बाजार, सगळं एकाच गाडीत. १९८४ साली ही गाडी 'मारुती व्हॅन' नावानं आली, पुढं तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. त्यामुळं आज रस्त्यावर असलेली प्रत्येक ओम्नी जुनीच. ७९६ सीसीचं इंजिन साधं, दुरुस्तीला सोपं, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. म्हणून गाडी टिकून आहे.

मात्र या गाड्यांबाबत एक तक्रार गॅरेजवर कायम ऐकू येते. ब्रेक मारला की पॅडल खोल जातं, दोन-तीनदा मारलं की वर येतं. मेकॅनिक हवा काढून देतो. आठ-पंधरा दिवस बरं चालतं आणि परत तेच. पुन्हा हवा काढायची, पुन्हा पैसे. काही जण तर 'आमच्या गाडीला दोनदाच मारावा लागतो' म्हणून सवयच लावून घेतात.

ही सवय किती महागात पडू शकते, याचा हिशोब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. दुसऱ्यांदा पाय उचलून मारायला अर्धा सेकंद लागला तरी आठ मीटर गेले, म्हणजे दोन ओम्नींच्या लांबीपेक्षा जास्त. गळीत हंगामात रात्री उसाची ट्रॉली पुढं उभी असेल आणि तिला मागं रेडियम नसेल, तर ते आठ मीटर कुठून आणायचे? ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. ड्रायव्हरच्या गुडघ्यापुढं बॉनेट नाही, फक्त पत्रा.

हवा येते कुठून?

ब्रेकची लाईन बंद असते. पॅडल दाबलं की मास्टर सिलेंडर ब्रेक ऑइलवर दाब देतो, तो दाब पाईपमधून चारी चाकांवर जातो. बहुतेक ओम्नीला पुढं डिस्क आणि मागं ड्रम आहेत. या बंद लाईनमध्ये हवा आपोआप तयार होत नाही. ती शिरते तेव्हा कुठून तरी ऑइल बाहेर गेलेलं असतं किंवा टाकीतलं ऑइल कमी झालेलं असतं. आणि कित्येकदा लाईनमध्ये हवा नसतेच, पॅडल दुसऱ्याच कारणानं खाली जात असतं. तरी हवा काढली जाते, कारण ते काम पटकन होतं.

म्हणून पहिलं काम पान्याचं नाही, खुणेचं. ऑइलच्या टाकीवर पातळी जिथं आहे तिथं चिकटपट्टी लावायची आणि आठ दिवस सकाळी, गाडी सपाट जागी उभी असताना बघायचं. टाकी कुठं आहे ते माहीत नसेल तर मेकॅनिककडून एकदा दाखवून घ्यावं. पातळी उतरतेय की तशीच आहे, या एका गोष्टीवर पुढचा सगळा शोध अवलंबून आहे.

पातळी उतरत असेल तर

ऑइल बाहेर जातंय. सगळ्यात जास्त वेळा ते मागच्या चाकातल्या व्हील सिलेंडरमधून जातं. त्यातले रबरी कप वयानं कडक होतात, ऑइल झिरपतं आणि ड्रमच्या आतच राहतं. बाहेरून थेंब दिसत नाही, म्हणून वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. कधी टायरच्या आतल्या बाजूला ओला डाग दिसतो, कधी ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. ड्रम काढून व्हील सिलेंडरचं रबरी टोपण हलकं उचलून बघितलं की कळतं. आत ओल असेल तर सिलेंडर गेला. ऑइल लागलेले ब्रेक शू पुसून, घासून परत बसवतात, ते बरोबर नाही. लायनरनं ऑइल शोषलेलं असतं आणि तापलं की ते परत वर येतं. शू दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत, एका बाजूचे नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने चालत नाहीत.

व्हील सिलेंडर कोरडे असतील तर पुढच्या चाकांकडं जाणारे हौज पाईप बघावेत. ते वाकवून बघितल्यावर भेगा दिसल्या तर बदलायचे. चिखल साचतो तिथं लोखंडी पाईप गंजतो, त्यालाही हात लावून बघावं. बूस्टर असलेल्या गाडीत आणखी एक चोरवाट आहे. मास्टर सिलेंडरच्या मागच्या बाजूनं ऑइल बूस्टरमध्ये उतरतं. खाली थेंब नाही, चाकं कोरडी, तरी पातळी घटते. अशा वेळी मास्टर सोडून त्याची मागची बाजू बघितल्याशिवाय पत्ता लागत नाही.

एक खुलासा. पुढचे पॅड झिजत जातात तशी पातळी थोडी कमी होतेच. ती महिन्यांच्या हिशोबानं होते. आठ दिवसांत बोटभर उतरली तर ती गळतीच.

पातळी तशीच, तरी पॅडल खाली

गोंधळ होतो तो इथंच. पॅडल कसं खाली जातं, हे पायानं ओळखावं लागतं.

पहिल्यांदा खोल, लगेच दुसऱ्यांदा मारलं तर वर आणि टणक : हे बहुतेक वेळा मागच्या शूचं अंतर वाढल्याचं लक्षण. शू झिजले, पण ॲडजस्टर गंजून अडकला, त्यामुळं शूला ड्रमपर्यंत पोचायलाच अर्धं पॅडल खर्ची पडतं. तपासायला गाडी सपाट जागी उभी करून हॅन्डब्रेक ओढायचा आणि पॅडल मारून बघायचं. हॅन्डब्रेकनं मागचे शू ड्रमला टेकलेले असतात. तेवढ्यानं पॅडल वर आलं, तर हवा काढून काही उपयोग नाही, मागची चाकं उघडून ॲडजस्टर मोकळा करा.

पाय ठेवून धरला की पॅडल सावकाश बसत जातं : हा मास्टर सिलेंडर. इंजिन चालू ठेवून, गाडी उभी असताना पॅडलवर बेताचा दाब अर्धा मिनिट धरावा. पॅडल हळूहळू खाली सरकत गेलं आणि बाहेर कुठं गळती नसेल, तर मास्टरच्या आतले कप ऑइल मागं सोडतायत. जोरात मारल्यावर हेच पॅडल कधीकधी चांगलं लागतं, म्हणून हळू दाबूनच बघायचं. बूस्टरच्या गाडीत इंजिन सुरू होताना पॅडल किंचित खाली जातं, ते मात्र बूस्टर चालू असल्याची खूण आहे, बिघाड नाही.

स्पंजासारखं मऊ, पंप केलं की थोडं सुधारतं : इथं खरंच हवा असते. पण मग पातळी उतरत नसताना हवा का राहिली, हे विचारावं. मागच्या दुरुस्तीत ती पूर्ण निघालीच नसेल. पुढचे कॅलिपर डावे-उजवे अदलाबदल होऊन बसले, तर हवा काढायचं निपल खालच्या बाजूला जातं. हवा वर राहते, ऑइल खालून येतं आणि मेकॅनिक म्हणतो, हवा नाही. निपल वरच्या बाजूलाच हवं.

खडबडीत रस्त्यावर किंवा वळण घेतल्यानंतर पहिलाच ब्रेक खोल : पुढच्या चाकाचं बेअरिंग हलतंय का ते बघा. चाक डुललं की डिस्क पॅडला मागं ढकलते आणि पुढच्या वेळी पॅडलला ते अंतर भरून काढावं लागतं. शेतातल्या वाटेनं रोज जाणाऱ्या गाड्यांत हे कारण असू शकतं, आणि ब्रेकच्या तक्रारीत बेअरिंग कुणी बघत नाही.

हवा काढली आणि मास्टर गेला

'हवा काढायला गेलो आणि मास्टर बदलून आलो' ही तक्रारही नेहमीची. मेकॅनिकनं फसवलं असं लोकांना वाटतं, पण त्यामागं कारण आहे. रोजच्या वापरात मास्टरचा दट्ट्या सिलेंडरच्या ठराविक भागातच पुढं-मागं होतो. पुढचा न वापरलेला भाग गंजलेला, कीट बसलेला असतो. हवा काढताना हाताखालचा पोरगा पॅडल पार तळापर्यंत मारतो आणि जुने कप त्या खरबरीत भागावर घासून फाटतात. जुन्या गाडीत पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून ते तळाला जाऊ न देता हवा काढावी. मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते बहुधा मागचं डावं. काम चालू असताना टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर वरून नवी हवा शिरते.

मास्टरला नुसतं कपांचं किट टाकायचं की अख्खा बदलायचा? सिलेंडर आतून आरशासारखा गुळगुळीत असेल तरच किट. बोटाला खड्डा लागला तर किटचे पैसे वाया. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारींचं हेही एक मूळ आहे.

ऑइल म्हणजे तेल नव्हे

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं कोरडं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळायला नको, पाणी शोषल्यावर हीच हद्द १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. सुर्ली घाट किंवा सागरेश्वरचा घाट भरल्या गाडीनं ब्रेकवरच उतरला की ड्रम-डिस्क तापतात, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल एकदम खाली जातं. गाडी थंड झाली की पुन्हा ठीक. गॅरेजवर पोचेपर्यंत बिघाड गायब. पॅडल फक्त घाटातच जात असेल तर आधी ऑइल बदलावं. दर दोन वर्षांनी ते बदलायचंच. टाकीवर डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं, डॉट ५ मात्र कधीच नाही, ते वेगळ्याच जातीचं सिलिकॉनचं ऑइल आहे.

गॅरेजच्या फळीवर महिनोन्‌महिने उघडी असलेली बाटली वापरू देऊ नये, सीलबंद आणावी. इंजिन ऑइल, डिझेल किंवा पेट्रोल यांतलं काहीही या लाईनमध्ये जाता कामा नये. व्हील सिलेंडर पेट्रोलनं धुतला की रबर फुगतं आणि नवे कपही थोड्याच दिवसांत जातात. असं तेल एकदा टाकीत पडलं तर सगळेच रबरी भाग बदलावे लागतात. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवावं, नाहीतर रंग उठतो.

कमी चालणारी गाडी जास्त बिघडते, हेही ध्यानात ठेवावं. फक्त जत्रेला आणि लग्नाला निघणाऱ्या ओम्नीत दट्टे जागेवर चिकटतात, हॅन्डब्रेकची तार गंजते, शू ड्रमला धरतात. मग तक्रार उलटी होते : ब्रेक सुटत नाही, चाक तापतं. अशा वेळी चाक उचलून त्याचं निपल सैल करावं. चाक मोकळं झालं तर दाब अडकलाय, म्हणजे हौज पाईप आतून बसलाय किंवा मास्टर सोडत नाही. मोकळं झालं नाही तर दट्ट्या किंवा शूच अडकलाय.

घरी किती करावं?

खूण लावणं, पॅडल तपासणं, टायरच्या आतली ओल बघणं एवढं घरी होतं. चाक काढायचं तर नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नये. ड्रममधली धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाईपनं उडवू नये, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसावी. पॅडल तळाला टेकत असेल तर गाडी गॅरेजला चालवत नेऊ नये आणि ट्रॅक्टरला दोर बांधून ओढतही नेऊ नये. ब्रेक नसलेली गाडी ओढणाऱ्याच्याच अंगावर जाते. मेकॅनिकला घरी बोलवावं.

उतारावर पॅडल गेलंच, तर चावी बंद करायची नाही. पॅडल भराभर पंप करत राहायचं, गिअर एकेक खाली आणायचा, हॅन्डब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढायचा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्यायची. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद करून घाट उतरणाऱ्यांना यातलं निम्मं करता येत नाही. इंजिनचा अडसर नाही आणि बूस्टरची मदतही दोन-तीन ब्रेकनंतर संपते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते आणि तिथं ब्रेकही तपासले जातात. जुनी ओम्नी विकत घेताना मात्र कागदाच्या तारखेवर जाऊ नये. अर्धा मिनिट पॅडल दाबून बघावं, टाकीचं झाकण उघडून ऑइल काळं पडलंय का बघावं आणि मागचे ड्रम शेवटचे कधी उघडले होते, ते मालकाला विचारावं.