घारापुरीची मजुरी

एका बेटाला दोन नावं आहेत. तिथे राहणारे त्याला घारापुरी म्हणतात आणि तिथे जाऊन येणारे एलिफंटा म्हणतात. आज मला जे बोलायचं आहे ते या दोन नावांच्या मधलं आहे. पाहुणा येतो, पाहतो, फोटो काढतो आणि संध्याकाळच्या लाँचनं परत जातो. यजमानाच्या हातात काय उरतं? ‘शाश्वत पर्यटन’ हा शब्द आता सरकारी फायलींपासून शाळेतल्या निबंधापर्यंत सगळीकडे पोचला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१७ हे वर्षच विकासासाठी शाश्वत पर्यटनाचं वर्ष म्हणून पाळलं. पण शाश्वत म्हणजे नेमकं काय टिकवायचं? लेणी टिकवायची, की लेण्यांच्या पायथ्याशी राहणारी माणसंही?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावचा. समुद्राशी माझा संबंध कवितेपुरता. आमच्याकडचं मोठं पाणी म्हणजे बेंबळा, आणि ती पुढे जाऊन वर्धेला मिळते. मग या कापसाच्या मुलखातल्या माणसानं बेटाबद्दल का बोलावं? कारण बेट असलं तरी घारापुरी हे एक गाव आहे, आणि गावाचं दुखणं गावाच्या माणसाला लवकर कळतं. घारापुरीवर लिहिलेलं बरंचसं शिल्पांविषयी आहे. मी तो इतिहास गावाच्या बाजूनं वाचायचा प्रयत्न केला.

घारापुरी रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येते. मुंबईच्या गेट वे ऑफ इंडियापासून लाँचनं साधारण तासाभराचं अंतर. दोन टेकड्या, मधे दरी, आणि काठाकाठानं तीन वस्त्या : शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. तिन्ही मिळून लोकवस्ती हजार-बाराशेच्या घरात. आमच्या तालुक्यातली मध्यम आकाराची गावंसुद्धा यापेक्षा मोठी आहेत. वस्त्यांच्या नावांत ‘बंदर’ आहे हे लक्षात घ्या. हे बेट आधी बंदर होतं, प्रेक्षणीय स्थळ फार नंतर झालं.

ऐहोळेच्या शिलालेखात, म्हणजे इ. स. ६३४ मध्ये, दुसऱ्या पुलकेशीनं पश्चिम समुद्रावरची ‘पुरी’ नावाची नगरी जहाजांचा वेढा घालून जिंकल्याचा उल्लेख आहे. कोकणच्या मौर्यांची ही पुरी म्हणजेच घारापुरी, असं काही अभ्यासक मानतात. काही जण ती दुसरीकडे शोधतात. तो वाद त्यांच्याकडे राहू द्या. मला त्याहून मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. या बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी मोठ्या संख्येनं सापडली आहेत. सहाव्या शतकातली, अगदी हलक्या किमतीची नाणी. राजाच्या खजिन्यात ठेवावीत अशी नव्हेत, बाजारात मीठ-मिरची घ्यावी अशी. काही संशोधकांचा तर्क असा की लेणी खोदणाऱ्या कारागिरांना आणि मजुरांना दिलेली ही मजुरी असावी.

हा तर्क खरा धरला, तर घारापुरीच्या अर्थव्यवहाराचा सर्वांत जुना पुरावा मजुरीचा आहे. डोंगर पोखरणाऱ्याला त्याच्या घामाचे पैसे बेटावरच मिळत होते आणि बेटावरच खर्च होत होते. आज शाश्वत पर्यटनाची जाडजूड पुस्तकं निघतात. त्यांचं सार या तांब्याच्या नाण्यांत मावेल.

त्या मजुरांनी काय घडवलं ते आपल्याला माहीत आहे. मुख्य लेण्याच्या मागच्या भिंतीत तीन मुखांचा सदाशिव आहे, उंची सुमारे अठरा-वीस फूट. अर्धनारीश्वर, गंगाधर, कल्याणसुंदर, नटराज, रावणानुग्रह अशी शिल्पं आजूबाजूला. मी पहिल्यांदा त्या मूर्तीपुढे उभा राहिलो तेव्हा बाहेरच्या उन्हातून आत आलेले सगळेच आपोआप हळू बोलू लागले होते. एका बाजूचा चेहरा रागीट, दुसऱ्या बाजूचा कोमल, आणि मधला डोळे मिटून शांत. मी मुसलमान आहे, मूर्तिपूजा माझ्या धर्मात नाही. पण दगडाला शांत बसायला शिकवणारा माणूस कोण असेल, हा प्रश्न मला तिथे पडला आणि अजून सुटलेला नाही. त्या कारागिराचं नाव कुठेच नाही.

१५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याकडून वसईबरोबर हा सगळा टापू पोर्तुगीजांकडे गेला. बंदराजवळ त्यांना दगडी हत्ती दिसला आणि बेटाला नवं नाव मिळालं. १५३८ मध्ये जुआंव द कास्त्रो हा त्यांचा दर्यावर्दी अधिकारी लेणी पाहून भारावून गेला. पण त्याच राजवटीत मूर्तींची मोडतोड झाली, असं सांगितलं जातं. दियोगु द कोतु या पोर्तुगीज इतिहासकारानं आणखी एक हकिकत लिहून ठेवली आहे. लेण्यापाशी एक कोरीव लेख असलेला दगड होता. तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. तिथे तो कुणाला वाचता आला नाही, आणि पुढे तो दगडच हरवला. लेणी कुणी खोदवली याचं उत्तर कदाचित त्या दगडावर होतं. आज आपण अंदाज बांधत बसलो आहोत.

ज्या हत्तीनं नाव दिलं, तोही बेटावर राहिला नाही. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोकं निखळून पडलं, मग धडही ढासळलं. १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आजच्या भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेले आणि १९१४ मध्ये जोडून उभे केले. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. म्हणजे एलिफंटाला जाऊन एलिफंट दिसत नाही. नाव देणारे पाहुणे होते आणि नावाची वस्तू नेणारेही पाहुणेच.

१८७५ मध्ये इंग्लंडचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानात आला. त्याच्यासाठी मुख्य लेण्यात रोषणाई करून मेजवानी झाली. पंगत मांडली होती ती महेशमूर्तीच्या सभागृहात. आजच्या भाषेत त्याला ‘इव्हेंट’ म्हणतील. त्यानंतर कायद्याचं संरक्षण आलं, पुरातत्त्व खात्याची देखरेख आली, आणि १९८७ मध्ये युनेस्कोनं घारापुरीची लेणी जागतिक वारशाच्या यादीत घेतली. लेण्यांची काळजी घेणारं कुणीतरी उभं राहिलं, हे चांगलंच झालं.

पण गावाचं काय? जागतिक वारसा होऊन तीस वर्षं उलटली तरी घारापुरीला कायमची वीज नव्हती. समोर मुंबई रात्रभर झगमगत होती आणि इकडे डिझेलच्या जनरेटरवर संध्याकाळचे तीनेक तास दिवे लागत. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून महावितरणनं बेटावर वीज नेली. स्वातंत्र्याला तेव्हा सत्तर वर्षं होऊन गेली होती. त्या आधी लाखो लोक हे बेट पाहून गेले. त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं की आपण ज्या बाईकडून पाण्याची बाटली घेतली, तिच्या घरी रात्री दहानंतर अंधार असतो? पाहुणा उजेडात येतो आणि उजेडातच जातो, म्हणून त्याला यजमानाचा अंधार दिसत नाही.

धक्क्यापासून छोटी आगगाडी पायथ्याशी सोडते. मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. दोन्ही बाजूंना ताडपत्रीखाली दुकानं. माळा, दगडी हत्ती, टोप्या, काकडी, कैरी. म्हाताऱ्या माणसांना डोलीतून वर नेणारे खांदेकरी. ग्रामपंचायतीची प्रवासी कराची छोटी पावती. गावाचा संसार बराचसा या पायऱ्यांवर चालतो. पूर्वी भात होता, मासेमारी होती. १९८९ मध्ये समोर न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, खाडीत मोठी जहाजं आली आणि मासेमारीचं जुनं गणित बदललं. एका धंद्यावर गाव उभं राहिलं की काय होतं, ते आम्हा कापूसवाल्यांना वेगळं सांगायला नको. भाव पडला की घर पडतं.

घारापुरीचा भाव म्हणजे लाँच. मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशभरातली संरक्षित स्मारकं बंद झाली, तेव्हा पायऱ्या ओस पडल्या. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि दहाहून अधिक माणसं गेली. प्रवाशांची सुरक्षा हा शाश्वत पर्यटनाचा पहिला धडा आहे. बाकीचं सगळं त्यानंतर.

जगात इतर बेटांनी काय केलं? फिलिपिन्समधलं बोराकाय इतकं घाण झालं की एप्रिल ते ऑक्टोबर २०१८ असे सहा महिने सरकारनं ते पर्यटकांना बंद ठेवलं. समुद्र स्वच्छ झाला, पण तेवढे महिने हॉटेलात काम करणाऱ्यांच्या चुली थंड पडल्या. व्हेनिसच्या जुन्या शहरात कायमचे रहिवासी २०२२ मध्ये पन्नास हजारांच्या खाली गेले. घरं पाहुण्यांना, शहर आठवणींना. २०२४ मध्ये त्यांनी गर्दीच्या दिवसांत एका दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. घारापुरीची ग्रामपंचायत आपली पावती त्याच्या कितीतरी आधीपासून फाडते आहे, तिची बातमी कुणी केली नाही. व्हेनिसला जे उशिरा सुचलं ते उरण तालुक्यातल्या एका पंचायतीला आधीच सुचलं होतं. प्रश्न फक्त असा, की त्या पैशातून कचरा उचलला जावा, पाण्याची सोय व्हावी, आणि त्याचा हिशेब पायऱ्यांच्या सुरुवातीला फलकावर लिहिलेला असावा.

चांगले धडे घ्यायला फार लांब जायची गरज नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. ती अंडी चोरीला जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. तिथे मोठं हॉटेल बांधलं नाही. पाहुणे गावातल्याच घरात राहतात, त्याच घरात जेवतात. इवलीशी पिल्लं समुद्राकडे धावताना पाहून परततात. कासव जगलं तर पाहुणा येतो आणि पाहुणा आला तर चूल पेटते, हे एकदा दिसल्यावर अंडी राखायला पोलीस लागत नाहीत.

केरळात वेंबनाड तलावातल्या कुमरकोममध्ये २००८ पासून असाच प्रयोग झाला. तिथे बडी हॉटेलं आधीच होती. पंचायत आणि ‘कुटुंबश्री’च्या बायकांनी भाजीपाला पिकवून तो या हॉटेलांना विकायची व्यवस्था उभी केली. पर्यटक तोच, हॉटेल तेच. ताटातली भाजी मात्र गावची झाली. बदल एवढाच, पण पैशानं वाट बदलली.

म्हणून मला वाटतं, घारापुरीला नवी घोषणा नको, जुनं नाणं हवं. लेणी समजावून सांगायला गावातली मुलं-मुली प्रशिक्षित करावीत. ज्यांच्या अंगणात शिल्पं आहेत, त्यांच्याइतकी ती कोण ओळखेल? पायऱ्यांवर मुंबईच्या घाऊक बाजारातल्या माळांबरोबर बेटावर पिकलेलं आणि हातांनी केलेलं जास्त विकलं जावं. आलेल्या प्लास्टिकला परतीच्या लाँचमध्ये जागा असावी. आणि कोणतीही योजना आखताना तिन्ही वस्त्यांना आधी विचारावं, मग नकाशा काढावा. कोरीव दगड न विचारता नेला, त्याचं काय झालं ते आपण पाहिलंच.

हे आमच्या भागालाही लागू आहे. बेंबळा धरणासाठी काही गावं उठली, आता तिथे पाण्याचा मोठा विस्तार आहे. शेजारच्या कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला माणसं दुरून येतात. उद्या बेंबळेच्या काठावर पर्यटनाची कुणाला कल्पना सुचली, तर ज्यांची शेतं त्या पाण्याखाली गेली, पहिली मजुरी आणि पहिली मालकी त्यांची असली पाहिजे. नाहीतर जमीन एकदा गेली आणि पाणीही दुसऱ्यांदा जाईल.

तुमच्यापैकी पुष्कळ जण मुंबईला जातात. मुलांना घेऊन एकदा घारापुरीला जाऊन या. पाण्याची बाटली परत आणा. खांदेकऱ्याशी घासाघीस करू नका. गावातल्या बाईकडून काकडी घ्या आणि ती कोणत्या बंदरची आहे ते विचारा, तिला बरं वाटेल. आणि हो, सोमवारी जाऊ नका. त्या दिवशी लेणी बंद असतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)